पाय राहील, पण पायात काय राहील?

मांडीच्या मांसात कर्करोगाची गाठ निघाली की पहिला प्रश्न एकच सुचतो: पाय राहील ना? मीही तोच विचारला. आज बहुतेकांना त्याचं उत्तर 'हो' असंच मिळतं. दहातल्या नऊ जणांचा किंवा त्याहूनही अधिक जणांचा पाय वाचवता येतो. पण या सगळ्यातून गेल्यावर मला ठामपणे वाटतं, की त्या प्रश्नाच्या पाठोपाठ लगेच दुसरा विचारायला हवा. कोणता स्नायू जाणार, कोणती नस (म्हणजे स्नायूला हुकूम पोचवणारा मज्जातंतू, रक्ताची नव्हे) जाणार, आणि त्या गेल्यावर मला नेमकं काय करता येणार नाही? याचं उत्तर ऑपरेशनच्या टेबलावर ठरत नाही. बरंचसं त्याच्या आधीच ठरून गेलेलं असतं, अगदी बायोप्सीची सुई कुठून घातली तिथपासून.

माझी गाठ डाव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला होती. दुखत नव्हती, लाल नव्हती, ताप नव्हता. पँटचा एकच पाय मांडीपाशी घट्ट व्हायला लागला, एवढंच. या गाठी दुखत नाहीत हाच त्यांचा मोठा धोका आहे. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कोण धावपळ करतं? जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथे 'चरबीची गाठ आहे, जागेवर भूल देऊन काढून टाकू' असं सांगितलं आणि तारीखही दिली. त्या तारखेच्या आधी आणखी एका सर्जनांना दाखवलं. त्यांनी मला खुर्चीत बसवून पाय समोर ताणून धरायला लावला. सैल मांडीत बोटाखाली थोडीफार सरकणारी गाठ मांडी आवळल्याबरोबर जागच्या जागी घट्ट बसली. "ही कातडीखालची नाही, स्नायूच्या आतली आहे," ते म्हणाले. "आता हिला कोणीही चाकू लावायचा नाही. आधी एमआरआय, मग बायोप्सी, मग पुढचं."

पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवरची किंवा वाढत जाणारी गाठ सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा भागांत होणारा कर्करोग, नाही हे सिद्ध होईपर्यंत सार्कोमाच समजून चालायचं, हा नियम त्यांनीच सांगितला. साधी गाठ समजून ती मधूनच कापून काढली, तर तिच्या पेशी रक्ताबरोबर आजूबाजूच्या थरांमध्ये पसरतात. मग खरं ऑपरेशन करताना फक्त गाठीची जागा काढून भागत नाही. आधीच्या ऑपरेशनमध्ये जिथे जिथे हात लागला, रक्त साकळलं, ते सगळं काढावं लागतं. म्हणजे वाचू शकला असता असा स्नायूही जातो. माझ्या बाबतीत ते टळलं ते त्या तपासणीमुळे, आणि त्याबद्दल मला आजही कृतज्ञ वाटतं.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू असतात आणि चौघांचं काम मिळून एकच: गुडघा सरळ करणं. त्यांना मिळून क्वाड्रिसेप्स म्हणतात. मधोमध वरून खाली येणारा रेक्टस फिमोरिस, बाहेरच्या बाजूचा व्हास्टस लॅटरॅलिस, आतल्या बाजूचा व्हास्टस मीडियालिस आणि या सगळ्यांच्या खाली हाडाला चिकटून असलेला व्हास्टस इंटरमीडियस. चौघे खाली एकत्र येऊन गुडघ्याच्या वाटीला धरतात. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, त्याहीपेक्षा जिना उतरणं, उताराला पाय टेकवताना गुडघा मुडपू न देणं, हे सगळं यांच्या जिवावर चालतं. माझी गाठ व्हास्टस लॅटरॅलिस आणि इंटरमीडियस या दोघांत होती आणि आतली कड मांडीच्या हाडाला टेकलेली होती. मी ग्रंथालयात काम करते. खालच्या फळीवरचं पुस्तक काढायला उकिडवं बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं, हे मी दिवसभर करत आले होते. त्यामुळे सर्जनांनी कागदावर मांडीचा आडवा छेद काढून चार स्नायू दाखवले आणि दोनांवर फुली मारली, तेव्हा ती फुली कशावर पडली हे मला लगेच कळलं.

बायोप्सीच्या दिवशी सर्जन स्वतः येऊन मांडीवर पेनाने एक उभी रेघ मारून गेले. त्या रेघेवरच पुढे चीर येणार होती आणि सुईही त्याच रेघेवरून, बाहेरच्या बाजूने आत जाणार होती. सोनोग्राफीवर बघत सुई घालणाऱ्या रेडिऑलॉजिस्टना मी विचारलं, की सरळ समोरून का नाही घालत, तिथून गाठ जवळ वाटते. ते म्हणाले, "समोरून गेलो तर सुई रेक्टसमधून जाईल. सुईच्या वाटेत गाठीच्या पेशी सांडू शकतात, म्हणून ती वाट ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर काढतात. मग तुमचा चांगला स्नायू विनाकारण जाईल. बाहेरचा स्नायू तसाही जाणारच आहे, त्याच्यातूनच जाऊ." पेन्सिलीच्या शिशाएवढे जाड चार-पाच तुकडे निघाले. मला वाटतं, माझा आजचा अर्धा जिना त्या एका निर्णयात आहे.

रिपोर्ट आला: मिक्सॉइड लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींच्या कुळातला सार्कोमा. सार्कोमा पसरला तर बहुधा आधी फुप्फुसात जातो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन झाला. हा विशिष्ट प्रकार पाठीच्या कण्यात आणि शरीराच्या दुसऱ्या मऊ भागांतही जाऊ शकतो, म्हणून कण्याचा एमआरआयही. दोन्ही स्वच्छ निघाले.

त्या रात्री मात्र एक शंका मनातून जाईना. पाय वाचवण्याच्या नादात जीव धोक्यात घालत नाही ना? पुढच्या भेटीत तसंच विचारलं. तेव्हा सर्जनांनी अमेरिकेतल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या 1982 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्याआधी अशा गाठींसाठी पाय कापणं हाच सुरक्षित मार्ग मानला जाई. त्या अभ्यासात 43 रुग्ण होते. चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून 16 जणांचा हात किंवा पाय काढला आणि 27 जणांची फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं. अवयव वाचवलेल्या गटात चौघांना त्याच जागी पुन्हा गाठ आली, दुसऱ्या गटात कुणालाच नाही. पण जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, पण त्यानंतर पाय वाचवणं हीच रीत झाली. मला हे आकडे ऐकणं गरजेचं होतं. 'काळजी करू नका' एवढ्याने माझी काळजी गेली नसती.

मग प्रश्न आला रेडिएशनचा. ऑपरेशनच्या आधी की नंतर? इथे मला खरोखर निवड करायला सांगितली गेली. आधी घेतलं तर 50 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), 25 भागांत. नंतर घेतलं तर साधारण 66 ग्रे, आणि तेही मोठ्या भागावर, कारण तेव्हा ऑपरेशनची सगळी जागा त्यात घ्यावी लागते. आधी घेण्याची किंमत म्हणजे जखम भरायला त्रास. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात, जो 2002 साली प्रसिद्ध झाला, आधी रेडिएशन घेतलेल्यांपैकी 35 टक्के लोकांना जखमेचा मोठा त्रास झाला आणि नंतर घेतलेल्यांपैकी 17 टक्क्यांना. त्यातही मांडीची जखम अधिक त्रास देते. नंतर घेण्याची किंमत वेगळी: जास्त डोसमुळे मांडीतलं मांस पुढे कडक आणि आखडलेलं होण्याची शक्यता अधिक. रेडिएशनच्या डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "जखम आज ना उद्या भरते. आखडलेला स्नायू तसाच राहतो." मी आधी घ्यायचं ठरवलं. गुडघा वाकायला हवा होता, त्यापुढे जखमेचे काही आठवडे मला परवडण्यासारखे वाटले.

शेक सुरू होण्याआधी पायाचा साचा केला, म्हणजे रोज पाय त्याच कोनात राहील. मांडीची आतली एक उभी पट्टी मुद्दाम रेडिएशनबाहेर ठेवली होती. मांडीला सगळ्या बाजूंनी शेक बसला तर पायातलं पाणी वर जायची वाट बंद होते आणि पाऊल कायमचं सुजतं, म्हणून. कातडी तांबडी झाली, शेवटी शेवटी झोंबायची. पण माझ्या प्रकारची गाठ रेडिएशनला चांगली दाद देते म्हणतात, तशी तिने दिली. ऑपरेशनआधीच्या एमआरआयमध्ये ती आकसलेली होती, आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बाजूची कड आधीपेक्षा दूर गेली होती.

शेक संपल्यावर कातडी निवायला काही आठवडे थांबावं लागतं. त्या काळात फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तेव्हा मला ते चमत्कारिक वाटलं, स्नायू अजून कापला नाही तर व्यायाम कसला? पण जे दोन स्नायू राहणार होते त्यांना एकेकटं आवळायला शिकवणं ऑपरेशननंतर फार अवघड जातं. दुखत असतं, पट्टी असते, पाय आपला वाटत नाही. आधी शिकलेलं तेव्हा कामाला येतं. ज्यांना कुणाला हे आधी सुचवलं जात नाही, त्यांनी आपणहून मागून घ्यावं.

ऑपरेशनच्या आदल्या भेटीत सर्जनांनी वाईटातलं वाईटही सांगितलं. मांडीच्या वरच्या टोकाला फिमोरल नस असते. जांघेच्या जरा खालीच तिच्या फांद्या फुटतात आणि चारही स्नायूंना एकेक जाते. व्हास्टस लॅटरॅलिसची फांदी जाणारच होती. मीडियालिसची फांदी मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने खाली उतरते, ती आणि रेक्टसची फांदी वाचवायची. मुख्य नस द्यावी लागली, तर गुडघा उभं राहताना पक्का धरला जाणार नाही. मग एकतर पट्टा लावून चालायचं, नाहीतर मांडीच्या मागचे स्नायू पुढे वळवून वाटीला जोडायचे, किंवा पाठीचा एक रुंद स्नायू रक्तवाहिनी आणि नसेसकट आणून इथे बसवायचा. हे सगळं करता येतं, पण मूळच्या स्नायूची बरोबरी त्याला येत नाही.

गाठीभोवती निरोगी मांसाचा एक-दोन सेंटिमीटरचा थर ठेवून ती न फोडता, उघडी न पाडता काढायची, हा मूळ नियम. पण हाड आणि नस यांच्यापाशी एवढी जागाच नसते. तिथे त्यांचं आवरण उपयोगी पडतं. वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसेवर एक आवरण असतं, आणि गाठ सहसा ते लगेच भेदत नाही. आवरण गाठीबरोबर काढून टाकायचं आणि आतली नस ठेवायची. हाडावरही तसंच. माझ्या हाडावरच्या आवरणाची एक पट्टी काढावी लागेल हे आधीच सांगितलं होतं, आणि त्याचा परिणामही: रेडिएशन घेतलेलं, आवरण गेलेलं हाड पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा मोडू शकतं. आधीच आतून सळई घालायची का यावर चर्चा झाली. पट्टी अरुंद असल्याने ते टाळलं.

ऑपरेशन मला अर्थातच आठवत नाही, पण नंतर मी सगळं खोदून विचारलं. नस ओळखायला त्यांच्याकडे एक छोटं उपकरण असतं. त्याचं टोक नसेला टेकवलं की तिचा स्नायू आकसतो. अंगात स्नायू सैल करणारं औषध असेल तर ते काम करत नाही, म्हणून भूलतज्ज्ञांशी आधीच बोलणं झालेलं होतं. मीडियालिसची फांदी अशी शोधून, रबरी पट्टीने अलगद बाजूला घेऊन मग पुढे गेले. गाठ निघाल्यावर पुन्हा टेकवून बघितलं, तेव्हा स्नायू आकसला. हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या नकळत कुणीतरी इतक्या निगुतीने माझं चालणं बाजूला काढून ठेवत होतं.

जाग आली तेव्हा मांडी लाकडासारखी जड होती, गुडघा सरळ ठेवणारा लांब पट्टा होता आणि चिरेच्या टोकाजवळून एक नळी बाहेर आली होती. नळीही त्याच रेघेत, जवळ ठेवतात. पुन्हा कधी काढायची वेळ आली तर तिची वाट दूरवर पसरलेली नको. पावलं वर-खाली करून दाखवायला सांगितली. केली.

शेजारच्या खाटेवर एक ताई होत्या. त्यांची गाठ मांडीच्या मागच्या बाजूला, सायटिक नसेला लागून होती. शरीरातली सगळ्यात जाड नस ती. खाली तिच्या दोन फांद्या होतात, आणि पाऊल वर उचलणारी फांदी त्यांना द्यावी लागली होती. चालताना पाऊल लोंबायचं, बोटं जमिनीला अडायची. त्यांना बुटात बसणारी प्लास्टिकची पट्टी मिळाली आणि ती लावल्यावर त्या माझ्याआधी व्हरांड्यात फिरायला लागल्या. पावलाची संवेदना कमी झाल्याने रोज तळवा आरशात बघायची सवय त्यांना लावली होती, कारण जखम झाली तरी कळत नाही. पाय दोघींचाही वाचला होता, पण त्यांचं आणि माझं पुढचं आयुष्य सर्वस्वी वेगळं होतं.

जखमेने सांगितल्याप्रमाणेच त्रास दिला. नळी काढल्यावर आत पाणी साचलं, मग चिरेचा मधला भाग उकलला. स्पंज बसवून हवा ओढून घेणारं मशीन लावलं. ते खांद्याला अडकवूनच मी चालायला शिकले. भरायला वेळ लागला, पण भरली.

खरी लढाई वाटीची होती. फिजिओने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "ताई, टॉवेल खाली दाबा. पायाकडे नको, वाटीकडे बघा." मी दाबत होते आणि काहीच होत नव्हतं. जोर लावला की ढुंगण उचललं जायचं, पोट आवळायचं, मांडी मात्र थंड. असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी वाटी किंचित वर सरकली, जेमतेम नखाएवढी, आणि तिच्या आतल्या बाजूला मीडियालिसचा छोटासा फुगवटा उठून दिसला. फिजिओने तिथे माझंच बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा तुमचा स्नायू. आता याला रोज हाक मारायची."

त्यानंतर पाय सरळ उचलण्याची पाळी. टाच वर जायची, पण गुडघा थोडा वाकलेलाच राहायचा. शेवटचे काही अंश सरळ करणं हेच सगळ्यात कठीण असतं, आणि तेवढे अंश कमी असले की चालताना गुडघा दगा देतो. फिजिओ कोनमापकाने मोजायची आणि वहीत लिहायची. काठी उजव्या हातात, म्हणजे ऑपरेशन झालेल्या पायाच्या उलट बाजूला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. हे पाठ होईपर्यंत मी पायरीवर उभी राहून मोठ्याने म्हणायचे.

काढलेल्या भागाचा अहवाल चांगला आला. सगळे किनारे मोकळे. सगळ्यात जवळचा किनारा हाडाच्या बाजूचा, मोजक्या मिलिमीटरचा, पण मध्ये हाडाचं आवरण शाबूत.

आज मी काठीशिवाय चालते. सपाट रस्त्यावर कुणाला काही कळणार नाही. उतारावर, खडबडीत जागी आणि अंधारात मी सावध असते, कारण गुडघा न सांगता मुडपतो. थकले की नकळत हात मांडीवर जातो आणि गुडघा मागे दाबून धरतो. फिजिओला ते आवडत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर आहे. बराच वेळ उभं राहिलं की घोट्याला सूज येते, म्हणून घट्ट मोजा घालते. मांडीच्या हाडात नवं दुखणं सुरू झालं तर थांबायचं नाही, लगेच एक्स-रे काढायचा, हे फ्रिजवर लिहून लावलेलं आहे. पडायचं तर अजिबात नाही.

टोरांटोमध्ये तयार झालेली एक प्रश्नावली तपासणीच्या वेळी भरून घेतात. मोजे घालणं, पँट चढवणं, गुडघ्यावर बसणं, जिना, घरातली कामं, प्रत्येक गोष्ट किती अवघड जाते यावर खूण करायची. मला ती आवडते, कारण तिच्यात 'पाय आहे का' असा प्रश्नच नाही. गुडघे टेकून बसण्याच्या पुढे मी अजूनही 'फार अवघड' वर खूण करते. उकिडवं बसून हाताविना उठणं तर गेलंच. ग्रंथालयात खालच्या फळ्या आता सहकारी बघतात. मी एक बुटकं स्टूल ठेवलं आहे, त्यावर बसून खालून दुसऱ्या फळीपर्यंत पोचते.

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी असते, पुढे सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. मांडीचा एमआरआय, छातीचा स्कॅन, माझ्या प्रकारात अधूनमधून कणाही. पुढची तारीख जवळ आली आहे. फिजिओने सध्या पायरी उतरण्याचा व्यायाम वाढवला आहे: डाव्या पायावर उभं राहून उजवी टाच हळूहळू, धप्पकन न पडू देता, खाली टेकवायची. कमी उंचीच्या पाटावर ते जमतं. नेहमीच्या पायरीच्या उंचीवर शेवटच्या दोन बोटांत अजून घसरतं, आणि तिच्या मते तेवढं मीडियालिसकडून अजून काढून घेता येईल.